वीसघरीची वीस माणसं

वीसघरी, ता. मालेगाव, जि. वाशीम
३ नोव्हेंबर २०२५

ती. मोठी आजीस,
सप्रेम जय भीम.

मी सुकेशनी, तुमच्या धाकट्या दिराची नात. फोन न करता पत्र लिहिते आहे याचा राग मानू नका. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि फोनवरचं बोलणं फाइलला लावता येत नाही. मला जे हवं आहे ते लेखीच हवं आहे.

आपल्या गावाच्या वेशीवर ग्रामपंचायत एक मोठा काळा दगड बसवणार आहे. गाव कसं वसलं ते त्यावर कोरायचं आहे. सरपंच माणिकराव मला म्हणाले, "पंचायतीचा संगणक तूच चालवते, बीए तूच झाली, मंग इतिहासबी तूच लिही." मी नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही, उलट दगडाच्या तळाशी 'लेखन व संशोधन : कु. सुकेशनी' असं कोरायचं ठरवून टाकलं. आजी, आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. माझं नाव पहिल्यांदाच कशावर तरी कोरलं जाणार आहे, आणि त्याच्या वरची एक ओळ जरी खोटी निघाली तरी ती खोडरबराने जाणार नाही.

पंचायतीच्या कपाटात, जन्ममृत्यूच्या रजिस्टरखाली, १९५९ सालची एक यादी सापडली. वीस घरं, वीस कर्ते, आणि प्रत्येकाच्या नावापुढे अंगठा. म्हणूनच गावाचं नाव वीसघरी. पण गाव वसताना प्रत्यक्ष पाहिलेलं आज तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. तुम्ही तेव्हा वीस वर्षांच्या होतात, असं बाबा सांगतात.

मला यादीतल्या माणसांबद्दल जे आठवेल ते हवं आहे. विशेषतः चौदाव्या नंबरच्या रूपला यांच्याबद्दल, कारण ते माणिकरावांचे आजोबा आणि माणिकराव रोज विचारतात. यादीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

नीलिमावहिनी, आजींचं उत्तर लिहून घेणार तुम्हीच, आणि तुम्ही शाळेत शिकवता म्हणून आधीच हात जोडते. आजी बोलतील ते जसंच्या तसं लिहा. शुद्धलेखनाचा तास घेऊ नका.

तुमची नात,
सुकेशनी

अनसिंग
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सुकेशनीस,
(आजी बोलतात, मी लिहिते. एकही शब्द सुधारलेला नाही, हात शिवशिवत असूनही. — नीलिमा)

पोरी, तुह्यं पत्र नीलिमानं माह्या कानापाशी बोंबलून वाचलं. शेजारची बाई धावत आली, तिले वाटलं बुढी गेली. तिले चहा पाजून वापस पाठवलं.

इतिहास लिहून राह्यली म्हणते. बरं हाय. आमच्या टायमाले इतिहास राजाइचाच राहे. आता आमचाबी निघाला.

यादीतले माणसं इचारते. सारे चांगले होते. त्यातले सहा तं आपलेच, तुह्ये आजे-चुलते, त्याइचं तुह्या बापाले माईत हाय. बाकीचे चौदा म्हणजे अशे गरीब सभावाचे, का गावात हायेत का नाही समजत नोतं. कोणाशी भांडण नाही, कोणाची उधारी नाही. अशे माणसं मंग पाहाले नाही भेटले.

रूपलाचं इचारलं. लय देखणा होता. दाढी अशी का पाहतच राहावं. मान ताठ, कोणापुढं वाकली नाही. खाणं सादं, हिरवा पाला. मटणाले जलमात तोंड लावलं नाही. पहाटेच उठे अन् साऱ्या गावाले उठवे. बायाइच्या मांगं लागे, तेवढा एक गुण वंगाळ, तो लिहू नको.

मानोऱ्याकडून आला होता एवढं लिही. ते पक्कं हाय.

पयल्या नंबरवर तुह्या मोठ्या आज्याचं नाव हाय, तेबी पक्कं हाय. (नाव आजींनी अर्थातच घेतलं नाही. देवमन. — नीलिमा)

आता जास्त खोदू नको. दगड बसवा, पेढे वाटा. कापूस येचाले मजूर भेटून राह्यले का नाही ते कळव.

तुही मोठी आजी,
भागिरथा

वीसघरी
२ डिसेंबर २०२५

ती. मोठी आजीस,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मिळालं आणि एक दिवस मी फार आनंदात होते. रूपला यांच्याविषयीचा मजकूर मी असा तयार केला : 'मूळचे मानोरा भागातील रूपला हे दाढीधारी, करारी बाण्याचे व शाकाहारी होते. पहाटे उठून ते गावाला जागे करीत.' तुमच्या सूचनेप्रमाणे त्या एका गुणाबद्दल काही लिहिलेलं नाही.

हे मी माणिकरावांना वाचून दाखवलं तर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच वाशीमच्या एका मूर्तिकाराला आजोबांचा अर्धपुतळा सांगितला. फोटो नाही, म्हणून मूर्तिकाराला तुमच्या पत्रातलं वर्णन पाठवलं आहे. दगड आणि पुतळा दोन्ही सव्वीस जानेवारीला उघडायचे आहेत.

आणि आता ते, ज्यामुळे तीन दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही.

यादी कोरायला देण्याआधी मी तिचा फोटो मोबाइलवर मोठा करून एकेक अक्षर तपासत होते. पहिल्या नंबरच्या अंगठ्यावर एक तिरपी रेघ आहे, जुन्या जखमेची असावी. तीच रेघ सातव्या नंबरवर आहे. अकराव्यावर आहे. चौदाव्यावर, म्हणजे रूपला यांच्या नावापुढेही आहे. मग मी बाकीचे अंगठे कागदावर काढून जुळवले. आजी, अंगठे वीस आहेत, पण वेगवेगळे फक्त सहा आहेत.

आधी वाटलं माझीच काहीतरी चूक होते आहे. पुन्हा जुळवले. सहाच.

मी तुमच्यावर संशय घेत नाही. पण दगडाच्या तळाशी माझं नाव येणार आहे. मला माहीत नसताना खोटं कोरलं गेलं तर ती चूक. माहीत झाल्यावर कोरलं तर ते पाप. मी आता या दोघांच्या मधोमध उभी आहे. तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा. नसेल सांगायचं तर 'सांगत नाही' एवढं तरी लिहा, म्हणजे मी हे काम सोडून देईन.

कापसाला मजूर मिळत नाहीत. आई आणि मी सुट्टीच्या दिवशी वेचतो.

सुकेशनी

अनसिंग
११ डिसेंबर २०२५

(या पत्राला दोन दिवस लागले. आजी सांगता सांगता हसतात, मग खोकतात, मग पाणी पितात, आणि पुन्हा पहिल्यापासून हसतात. — नीलिमा)

पोरी, तुले बीए काहून करू दिलं समजत नाही. अंगठे जुळवते म्हणजे पोलिसातच पाठवाले पायजे होतं.

आयक आता. जुन्या गावात आपण धर्म बदलला, तं वरच्या जातीच्या लोकाइनं आपलं विहिरीवर येणं बंद केलं. मंग सहा घरं उठलो अन् या माळावर येऊन बसलो. सरकारचा माणूस म्हणे, वीस घरं असतीन तं गावठाण मोजून देतो, नाहीतं वापस जा. आठ दिवसानं कारकून मोजाले येईन. आता सहाचे वीस कशे कराचे? माणसं डोक्याले हात लावून बसले.

म्या म्हटलं, कोणता कारकून येते? तं म्हणे, तोच, जो आपल्या हातचं पाणी नाही पेत. म्हटलं, मंग कायले भेता? तो काही जवळ येत नाही. जो जवळच येत नाही, त्याले दुरून काय दिसाव ते आपण ठरवू.

आठ दिवसात आमी बायाइनं तुराट्याचे चौदा कूड उभे केले. समोरून घर, मांगून कायीच नाही, नुसती चूल. कारकून आला. लिंबाखालीच थांबला, नाकाले रुमाल. तिथूनच बोंबलला, चुली पेटवा, धूर मोजतो. आमी ओल्या गवऱ्या लावल्या. असा धूर झाला का मोजता मोजता त्यालेच ठसका लागला. वीस मोजले त्यानं. त्याच्यात खोटं नाही, धूर वीसच होते.

मंग अंगठे. कागद अन् शाईचा डबा एका गोट्यावर ठेवला अन् सोता मांगं सरकला. एकेकानं यायचं, नाव बोलायचं, अंगठा लावून जायचं. माणसं सहा. तुह्या मोठ्या आज्याच्या अंगठ्याले विळा लागेल होता, तेच रेघ तू पकडली. तो चार डाव गेला. एक डाव फेटा बांधून, एक डाव बोडका, एक डाव लंगडत, एक डाव माह्या लुगड्याचं मुंडासं करून. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. म्या त्या दिवशी कुडामांगून त्याचे चार चार नावं सांगितले.

नावं कोठून आणाव? पयले मेलेल्या मावसे-मामाइचे सांगितले. मंग दूरच्या सोयऱ्याइचे. चौदाव्या टायमाले मले सुचेच ना. कारकून म्हणे, बोल ना बे लवकर. बाजूले आपला बोकड उभा होता. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आणला होता, तिथल्या बाईनं लाडानं त्याचं नाव रूपला ठेवलं होतं. तुह्या मोठ्या आज्यानं बोकडाकडं पाह्यलं अन् म्हणे, रूपला. कारकुनानं आपल्या वहीत लेहून घेतलं, यादीत मंग चढवलं.

म्या तुले खोटं कोठं सांगितलं? दाढी होती. पाला खाये.

गाव कागदावर झालं. माणसं मंग आले. कोणी खडीच्या कामावरून, कोणी धरणावरून, कोणाले घरच्याइनं काढलं होतं. जात इचारली नाही. म्हटलं जागा हाय, पण यादीतलं एक मोकळं नाव घ्या लागन. आजपासून तेच तुह्यं, कोणी इचारलं तं तेच सांगजो. एकाहत्तर सालापावतर चौदाच्या चौदा नावात माणूस येऊन राह्यला. माणिकच्या आज्याचं खरं नाव लखमा. तो आला तवा बोकडाचंच नाव मोकळं होतं.

हे कोणाले बोलू नको. त्या चौदा घराइत तं जाऊच नको.

भागिरथा

वीसघरी
४ जानेवारी २०२६

ती. मोठी आजीस,
जय भीम.

तुम्ही जाऊ नको म्हणालात आणि मी गेले. चौदाही घरी गेले. रागवायचं ते शेवटी रागवा, आधी ऐका.

आधी मालेगावला जाऊन जागांचे कागद पाहिले. जागा आता सगळ्यांच्या नातवंडांच्या नावावर आहेत, कोणाचं घर जाणार नाही. हे दोनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा विचारायला गेले तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, आता चहा घेऊनच जा.

तरीही मी गप्प बसले असते. पण मूर्तिकाराने मातीच्या पुतळ्याचा फोटो पाठवला. वर्णनाबरहुकूम केला आहे : दाढी, ताठ मान, तोंड जरा पुढे. मला त्यात माणूस दिसेना. हा पुतळा वेशीवर बसणार, आणि का ते फक्त मला माहीत. मी माणिकरावांकडे गेले. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. पहिलीच ओळ वाचली, "रूपला यांच्याविषयी काही नवी माहिती," तेवढ्यात ते उठले आणि दार लावून आले.

"बोकडाचं कळलं का तुले?" ते म्हणाले.

मी कागदाची घडी करून पिशवीत टाकली.

"आज्यानं मराच्या आधी बापाले सांगितलं, बापानं मले," ते म्हणाले. "साऱ्या गावात आमचं एकट्याचंच घर नकली हाय, पोरी. बाकीचे सारे असली. म्हणूनच तं दगडामांगं लागलो. एकदा दगडावर चढला का रूपला पक्का झाला. तुह्या पत्रात दाढी आली तवा वाटलं, चला, बोकडाचंबी कोणी चांगलं सांगून राह्यलं." त्यांचे डोळे तेव्हा का भरून आले होते ते मला आत्ता समजलं.

बाकीच्या तेरा घरांचं मी त्यांना सांगितलं नाही. तिथून नवव्या नंबरच्या शीलाकाकूंकडे गेले. नुसतं "यादीबद्दल" म्हणाले. त्यांनी नातवाला बाहेर पाठवलं आणि माझा हात धरला. "बाई, आमचा आजसासरा मागून आलेला. गावात आमीच एक तसे. कोणाले सांगू नको, बाकी सारे असली हायेत."

आजी, चौदाही घरी हेच. पाचव्या घरापर्यंत मी विचारत होते. सातव्या घरी मी चप्पल काढायच्या आधीच त्यांनी मला आत ओढून दार लावून घेतलं. शेवटच्या घरी तर चहा आधीच ठेवलेला होता.

मग माझ्यापुढे नवीनच अडचण. हे चौदांचं गुपित आहे, पण प्रत्येकाने ते मला एकटीला सांगितलेलं. एकाचं दुसऱ्याला सांगणं मला योग्य वाटेना. म्हणून मी प्रत्येकाला एवढंच म्हटलं : ग्रामसभेला या, आणि दगडावर तुमच्या आजोबांचं कोणतं नाव हवं, यादीतलं की त्यांचं स्वतःचं, ते तुम्हीच उठून सांगा.

काल ग्रामसभा झाली. मी रजिस्टरमध्ये मान घालून बसले होते. पहिले माणिकराव उठले, टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "माह्या आज्याचं नाव लखमा लिहा. रूपला हा बोकड होता. पुतळा कॅन्सल."

कोणी हसलं नाही. मागून शीलाकाकूंचा आवाज आला, "म्हणजे तुमीबी?"

"तुमीबी म्हणजे?" माणिकराव म्हणाले.

मग एकेक जण उठू लागला. नाव सांगायचं आणि शेजारच्याकडे पाहून विचारायचं, "तुमीबी?" सहाव्या-सातव्या माणसापासून हसू जे सुरू झालं ते थांबेना. ज्यांना आजोबांचं नाव आठवत नव्हतं त्यांनी आत्याला फोन लावून विचारलं. चौदाही जणांनी खरंच नाव लिहायला सांगितलं.

दगडाचा मजकूर असा ठरला : '१९५९ साली या माळावर सहा घरं होती. भागिरथाबाई व इतर बायांनी मोजणीच्या दिवशी वीस चुली पेटवल्या. चुली आधी पेटल्या, माणसं नंतर आली. १९७१ पर्यंत वीसही घरं भरली.' खाली वीस खरी नावं. त्याखाली माझं. आता मला त्याची भीती वाटत नाही.

एकच कळत नाही. चौदाही घरांना असं का वाटत होतं की खोटं घर आपलं एकट्याचंच? त्यांना हे कोणी सांगितलं?

सुकेशनी

अनसिंग
१२ जानेवारी २०२६

पोरी,

म्या सांगितलं. दुसरं कोण सांगन?

जो कोणी नवा आला, त्याले चुलीपाशी बसवून भाकर दिली अन् कानात सांगितलं, बाबू, इथं सारे असली हायेत, तू एकटाच नावावर आला, तोंड बंद ठेवजो. चौदा जणाइले चौदा डाव हेच सांगितलं.

काहून, तं जुन्या गावात आमी पाह्यलं होतं. जो आधी आला तो मालक, जो मांगून आला तो गडी. इथंबी तेच झालं असतं. आपले सहा घरं त्या चौदाच्या डोक्यावर बसले असते. आपले काही देव नोते. म्हणून सहा जणाइलेबी येगळं भेव घातलं, का अंगठे तुमचे हायेत, तोंड उघडलं तं पयले तुमालेच धरून नेतीन. तुह्या मोठ्या आज्यालेबी हेच सांगितलं, तो तं झोपीतबी अंगठा मुठीत धरून झोपे.

सहा भेले, चौदा लाजले, अन् गाव चाललं. कोणी कोणाले म्हटलं नाही का तू मांगून आला. छाती कोण काढन, ज्याच्या त्याच्या पोटात चोर.

आता तू सारं खरं लेहून टाकलं. भेव गेलं अन् लाजबी गेली. आता पाहाजो, भांडतीन. मंग मले पत्र नको लिहू का आजी काय करू. सांभाळ आता तूच.

दगडावर माह्यं नाव टाकलं ते नीलिमानं तीन डाव वाचलं. मले पयल्याच डावात आयकू आलं होतं.

भागिरथा

वीसघरी
१ फेब्रुवारी २०२६

ती. मोठी आजीस,
सप्रेम जय भीम.

सव्वीस तारखेला दगड उघडला. कार्यक्रम चांगला झाला. तुम्ही सांगितलं तसं भांडणही झालं, पण तुम्ही म्हणालात त्यावरून नाही.

कोण आधी आला आणि कोण मागून, याचं कोणाला काही वाटत नाही. भांडण यावर आहे की कोणाचं नाव जास्त खोटं होतं. यादीतलं आपलं नाव मुळात कोणाचं, ते प्रत्येक घर ऐकून होतंच. परवा चावडीवर माणिकराव सगळ्यांना सांगत होते की आमचा आजा बोकडाच्या नावावर राहिला, हे सोपं काम नाही. त्यावर शीलाकाकू म्हणाल्या, बोकड निदान त्या दिवशी उभा तरी होता, आमचा नंबर नऊ तर सात वर्षं आधीच मेलेला मावसा. विसाव्या घरचे म्हणाले की त्यांचा माणूस मेलेलाही नव्हता आणि जन्मलेलाही नव्हता, तेव्हा मान त्यांचा. आवाज वाढले. माणिकराव दोन दिवस शीलाकाकूंशी बोललेले नाहीत.

आज सकाळी ते पंचायतीत आले. रूपला हा बोकडच होता आणि मानोऱ्याकडून आणलेला होता, असं त्यांना लेखी हवं आहे, गोल शिक्क्यासह. माझी सही हवी म्हणतात, कारण इतिहास मी लिहिला आहे.

पण मी तो बोकड पाहिलेला नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर मी सही कशी करू? तुम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे. तेव्हा कृपया दोन ओळी लिहून पाठवा : बोकड होता, रंग कोणता, शिंगं कशी. खाली तुमचा अंगठा हवा. नीलिमावहिनींचा चालणार नाही, मी जुळवून पाहीन.

तुमची नात,
सुकेशनी